मला सांगितलं नाहीत, काका

गंगाधरकाका,

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या हातात एका बाईंचा चष्मा होता. डाव्या काडीचा स्क्रू सारखा ढिला होतो म्हणून त्या आल्या होत्या. मालकांना फोन आला. त्यांनी "कधी?" आणि "कुठं?" एवढंच विचारलं, फोन खाली ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "गंगाधर गेला." मी स्क्रू शेवटपर्यंत पिळला. चष्मा बाईंना घालून बघायला दिला, "कानामागं टोचत नाही ना?" असं विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही, बरोबर बसला." त्या पायऱ्या उतरून गेल्यावर मी आत जाऊन हात धुतले. त्यापलीकडं काही करावंसं वाटलं नाही.

मालकांना ते विचित्र वाटलं असणार. तुम्हाला वाटलं नसतं.

तुमचं वय किती, मूळ गाव कोणतं, शाळा किती झाली, हे मला कुणी विचारलं तर नीट सांगता येणार नाही. अडीच वर्षं आपण शहागंजातल्या त्या चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत समोरासमोर बसून डबा खाल्ला आणि यातलं काही मी विचारलं नाही. तुम्हीही माझ्याबद्दल फार विचारलं नाहीत. जे विचारलंत ते मात्र पहिल्याच आठवड्यात.

मला नंबर तपासायला ठेवलं होतं. गिऱ्हाईक नसलं की मालक मला काचेचं काम शिकायला तुमच्याकडं पाठवायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी काचेच्या कडेनं माझा अंगठा कापला. चांगलाच कापला. मी पुसायचं फडकं त्याच्यावर गुंडाळलं आणि पुढची काच उचलली. तुम्ही काच घासायचं मशीन बंद केलंत. समोरच्या मेडिकलमध्ये जाऊन पट्टी आणलीत, माझा हात ओढून घेतलात आणि पट्टी बांधता बांधता विचारलंत, "घरातलं कोण गेलंय तुझ्या? आई का बाप?"

"आई," मी म्हणाले.

"किती वर्षांची व्हतीस?"

"नऊ."

"मी सहा. बाप."

एवढं बोलून तुम्ही मशीन चालू केलंत. मला राग आला होता. असं एकदम कुणी विचारतं का? कितीतरी महिन्यांनी मी तुम्हाला विचारलं की त्या दिवशी तुम्हाला कळलं कसं. तुम्ही घास चावून होईपर्यंत थांबलात. "लागलं की लेकरू आधी इकडंतिकडं बघतं, जवळ कोण हाय का म्हणून. मोठं माणूस बी बघतं. तू बघितलंच नाय."

मला वाटायचं तो माझा गुण आहे. कुणावर भार नको, कुणाचे उपकार नकोत. कॉलेजात मुली म्हणायच्या, प्रज्ञाला कशाचंच काही वाटत नाही, आणि ते मला कौतुक वाटायचं. गावी, पाचोडला, आमच्या घरात आई गेल्यावर मी आणि अप्पा दोघंच उरलो. अप्पा गवंडी. सकाळी भाकरी थापून, माझी झाकून ठेवून कामावर जायचे, संध्याकाळी येऊन पुन्हा चूल. काम असेल तेवढंच बोलणं. त्यांनी मला कधी मारलं नाही, कधी उपाशी ठेवलं नाही, शिकायला कमी केलं नाही. पण मला ताप आला तर त्यांना तो स्वतः हात लावून कळायचा, मी सांगून कधी कळला नाही. अंगात ताप असला की मी त्यांच्यापासून लांब बसायचे. असं का करायचे ते मला सांगता येत नाही. त्यांच्याकडं आधीच पुष्कळ आहे, आपण आणखी कशाला, असं काहीतरी असेल.

मग या शहरात आले. शहराच्या टोकाला पडेगावला खोली घेतली, शीतल नावाची मुलगी सोबत राहायला आली. दोन वर्षं राहिली. तिची नोकरी पुण्याला लागली तेव्हा बॅग भरताना ती म्हणाली, "दोन वर्षं एका खोलीत झोपलो आपण, मला तुझ्या आईचं नावसुद्धा माहीत नाही."

"तू कधी विचारलं नाहीस."

"विचारलं होतं. दोनदा. तू कूस बदललीस."

मला आठवत नव्हतं. तिनं पुण्याहून पाच-सहा वेळा फोन केला, मग बंद केला. मी एकदाही केला नाही. तिचा राग नव्हता. करावासा वाटायचा, पण काय काम म्हणून करायचा ते सुचायचं नाही. अशीच आणखी एक-दोन माणसं आली आणि गेली. त्यातल्या एकानं वर्षभर वाट बघितली. मी त्याला नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. एक दिवस त्याच्या लग्नाची पत्रिका मोबाइलवर आली. मी अभिनंदन लिहिलं.

हे सगळं मी तुम्हाला कधी सलग सांगितलं नव्हतं. तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळलं. मला कधीच कुणाचा फोन येत नाही, हे तुम्ही पाहिलं होतं. दिवाळीत मालक सुट्टी द्यायचे आणि मी पाचोडला न जाता पडेगावलाच राहायचे, हेही पाहिलं होतं. तुम्ही फक्त माझ्या डब्यात तुमच्या भाजीतला अर्धा वाटा टाकायचात. मी "नको" म्हणायच्या आत.

मग तो ताप. मी तीन दिवस दुकानात गेले नाही. मालकांना 'तब्येत बरी नाही' एवढं लिहून फोन बंद करून ठेवला. घरमालकीण खालीच राहायच्या, त्यांनाही काही बोलले नाही. चौथ्या दिवशी दुपारी दार वाजलं. उघडलं तर तुम्ही. शहागंजातून दोन रिक्षा बदलून पडेगावला आला होतात, हातात स्टीलचा डबा, कपाळावर घाम. मागं जिन्यात घरमालकीण उभ्या राहून बघत होत्या.

मी काय म्हणाले ते मला शब्दाला शब्द आठवतं. "तुम्हाला कुणी बोलावलं?"

तुम्ही म्हणालात, "कुणीच नाय. म्हणून तर आलो."

उंबऱ्याच्या आत तुम्ही पाय ठेवला नाहीत. डबा माझ्या हातात दिलात आणि वळून घरमालकिणीला म्हणालात, "बाई, ही पोरगी मागायची नाय. हिला इचारू नका, काय लागतं म्हणून. सरळ आणून म्होरं ठेवा. अन् आज डॉक्टरकडं न्या." त्यांनी नेलं. टायफॉइड निघाला. पुढचे बारा दिवस त्या सकाळ-संध्याकाळ वर पेज आणून ठेवत होत्या आणि मला विचारत नव्हत्या. तुमची खिचडी खारट होती. मी ती सगळी खाल्ली. खारट होती हेही मी कधी सांगितलं नाही आणि सगळी खाल्ली हेही नाही.

कामावर परत आले त्या दिवशी तुम्ही जेवताना आपणहून बोलायला लागलात. तुमचं बोलणं मला माहीत होतं, काचा, नंबर, फ्रेम, मालकाचा चहा. त्या दिवशी तुम्ही तुमच्या लग्नाचं बोललात. मला तुम्ही लग्न केलं होतं हेच माहीत नव्हतं.

जालन्याची मुलगी. सुमन नाव. दोन वर्षं नांदली. भांडण नाही, दारू नाही, मारहाण नाही. एक दिवस तिनं ट्रंक भरली. तुम्ही विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काही झालं नाही. दोन वर्षांत काहीच झालं नाही. या घरात मी एकटीच राहते."

"खरं व्हतं तिचं," तुम्ही म्हणालात. "हाताला प्लास्टर घालून आलो तर तिला प्लास्टर बघून कळलं. पगार वाढला तर शेजारणीकडून कळलं. मला माणूस नको व्हतं असं नाय, प्रज्ञा. लई पायजे व्हतं. ती झोपली की मी तिच्याकडं बघत बसायचो. पण सांगायचं कसं ते येतच नव्हतं. बाप गेल्यावर माय चार घरची धुणी करायची. तिला काय सांगणार? सांगायचं नाय, हीच सवय लागली. मग ती जातच नाय."

 तुम्ही तिथंच थांबला असतात तर बरं झालं असतं. पण तुम्ही पुढं म्हणालात, "त्या शीतलला फोन लाव. अन् एकदा पाचोडला जा. बापापाशी बस. माझ्यासारखं नको करू."

मला ते सहन झालं नाही. मी म्हणाले, "तुम्ही का नाही गेलात मग जालन्याला? बायको गेल्यावर इतकी वर्षं इथं काचा घासत बसलात, आणि मला शिकवताय?"

तुम्ही डब्याचं झाकण लावलंत. पुढचे तीन दिवस आपण बोललो नाही. पक्कड लागली तर तुम्ही ती माझ्यापुढं सरकवायचात, पण तोंडातून शब्द नाही. माफी मागायची मला इच्छा होती. ती मागता येणं ही वेगळी गोष्ट आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

चौथ्या दिवशी तुम्ही रजा घेतलीत. मालक चकित झाले, गंगाधरनं रजा घेतली म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी जेवताना तुम्ही सांगितलंत, "जालन्याला गेलो व्हतो."

मी घास खाली ठेवला.

"तिचं दुसरं लगीन झालंय, मला ठाऊक व्हतं. पोरगा मोठा हाय. नवरा भला माणूस हाय, त्यानंच दार उघडलं. चहा दिला तिनं. मी म्हणालो, तुझी चूक नव्हती. ती म्हणाली, ते मला माहीत व्हतं."

"मग?"

"मग काय? चहा पिलो. आलो." डबा पुसत तुम्ही म्हणालात, "पण बरं वाटलं. येताना बसमध्ये शेजारच्या माणसाशी बोलत आलो. पार जालन्यापासून. तो बिचारा कटाळला असंल." आणि हसलात. तुम्हाला मोठ्यानं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मशीनच्या धुळीनं तुम्हाला हसता हसता खोकला आला.

"मी जाऊन आलो," तुम्ही म्हणालात. "आता तू जा."

"बघू," मी म्हणाले.

हे 'बघू' तीन महिने चाललं. पुढच्या आठवड्यात, सणाला, थंडी पडल्यावर. तुम्ही दर सोमवारी विचारायचात, मी दर सोमवारी नवीन कारण द्यायचे. आपला हा वाद अर्धाच राहिला. तुम्ही जिंकणार हे मला माहीत होतं, फक्त घाई नव्हती.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही काच घासताना मधेच थांबायचात. डावा हात छातीवर ठेवून बसायचात. मी विचारलं होतं, काका. मी, जी कुणाला काही विचारत नाही, तिनं विचारलं होतं. "काय होतंय?" तुम्ही म्हणालात, "पित्त. कालची मिरची." मी तुमच्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला आणि बाहेर नंबर तपासायला गेले.

तुमच्या अंत्यविधीला तुमच्या खोलीच्या शेजारचे गृहस्थ भेटले. ते म्हणाले, "तीन दिवसांपासून गंगाधर जिना चढताना मधल्या पायरीवर बसत होते. मी म्हणालो, कुणाला कळवू का, तर म्हणाले, नको, सगळे कामात असतात."

सगळे म्हणजे कोण, काका? तुमच्या फोनमध्ये माझा नंबर होता. दुकानापासून तुमची खोली चालत दहा मिनिटांवर. दोन रिक्षा बदलून खारट खिचडी घेऊन येणारा माणूस मला सांगून गेला की मागायला शिक, आणि स्वतः पायरीवर बसून राहिला. तिथं उभ्या उभ्या मला दुःख झालं नाही, संताप आला. तुम्ही मला फसवलंत असं वाटलं. लोकांनी चेहरा दाखवायला पुढं बोलावलं, मी गेले नाही. जालन्याला कुणी कळवलं का, तेही मला माहीत नाही. पत्ता मी तुम्हाला विचारला नव्हता.

त्यानंतर तीन आठवडे मी तुमच्याशी भांडत होते. काम बिनचूक चाललं होतं. नंबर तपासायचे, पाटीवरची अक्षरं वाचून घ्यायचे, आणि मनात एकच वाक्य, मला का सांगितलं नाहीत? शेवटी एका सुट्टीच्या दिवशी, ठरवून असं नाही, स्टँडवर गेले आणि पाचोडच्या गाडीत बसले.

गल्लीत दोघा-तिघांना जयभीम करून घराशी आले तर अप्पा दारातली फुटलेली पायरी नीट करत बसले होते. शेजारी घमेल्यात कालवलेला सिमेंटचा माल. मला बघून ते उठलेच. "काय झालं? नोकरी गेली का?"

"नाही. काका वारले."

"कोणते काका?"

 अडीच वर्षांत मी अप्पांना तुमचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं. फोन झाला की पगार, गॅस, पाऊसपाणी, ठेवते. त्यांना कोणता काका कळणार? तुम्ही होतात हेच त्यांना माहीत नव्हतं, तर गेलात हे कसं सांगायचं?

म्हणून मी पहिल्यापासून सांगितलं. तिथंच, अर्ध्या पायरीवर बसून. अंगठा, पट्टी, आई का बाप, डब्यातली भाजी, पडेगावचा जिना, जालना. मला इतकं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. अप्पा हातात थापी घेऊन ऐकत होते. घमेल्यातला माल घट्ट होत चालला. आयुष्यात त्यांनी कधी मूठभर सिमेंट वाया घालवलेलं मी पाहिलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी तिकडं बघितलं नाही.

माझं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "तुला टायफाइड झाला व्हता?"

"हो."

"किती दिवस?"

"पंधरा-सोळा."

"मला का नाय सांगितलं?"

 त्या चार दिवसांत मी दोनदा फोन हातात घेतला होता. अप्पा कामावर असतील, उगाच धावत येतील, येऊन तरी काय करणार, असं करत तो खाली ठेवला होता. अप्पा परके आहेत असं एकदाही मनात आलं नव्हतं. उलटच होतं. तुम्हालाही त्या पायरीवर असंच झालं असेल. तुमच्यावरचा राग गेला असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही मला आपली समजला नाहीत, हे मी मनातून काढून टाकलं.

अप्पा बराच वेळ थापीवरचा सुकलेला माल नखानं काढत होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी तरी तुला कुठं सांगितलं व्हतं?"

आईला कावीळ झाली तेव्हा मला मामाकडं ठेवलं होतं. आई दवाखान्यात आहे, बरी होऊन येईल, असं मामी सांगायची. नवव्या दिवशी मामानं मला घरी आणून सोडलं. दोरीवर आईची एकही साडी नव्हती. मी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. तुझी आई गेली, असं कुणी तोंडानं बोललं असं मला आठवत नाही.

"मंगळवारी सकाळी गेली," अप्पा म्हणाले. "तुला आणायला म्हणून मी स्टँडवर गेलो. एक गाडी आली, सोडली. दुसरी आली, ती बी सोडली. नऊ वर्षांच्या लेकराला काय म्हणावं ते जुळंना. तसाच माघारी आलो. तू आलीस अन् काय इचारलं नाय. मला वाटलं, कळलंय हिला. बरं झालं, आपल्यावर पाळी आली नाय. उद्या सांगू, परवा सांगू..." त्यांनी थापी खाली ठेवली. "आदल्या दिवशी शुद्धीत व्हती. मला म्हणाली, पोरीनं मामाकडं जाताना दप्तर नेलं का? अभ्यास बुडंल तिचा."

नेलं होतं, काका. मी दप्तर नेलं होतं.

ते मी अप्पांना सांगायला गेले आणि मला बोलता येईना. मी रडायला लागले. आईसाठी, तुमच्यासाठी, ते वेगळं करता आलं नाही. गल्लीतून माणसं जात-येत होती. एरवी कुणी रडायला लागलं तर अप्पा चप्पल घालून बाहेर निघून जायचे. ते उठले नाहीत. मी थांबेपर्यंत तिथंच बसून राहिले.